चाळीस रुपयांचा सेल

कॅबिनेट उघडलं की डोळ्यांआधी नाकाला कळतं
मशीन कुठल्या गावचं.
बेतुलकडचं असेल तर स्लॉटवर हिरवट कीट,
खाऱ्या वाऱ्याने तांब्याला चाटून ठेवलेलं.
आमच्या कुडचड्याचं असेल तर लाल.
खनिजाची लाल, पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या दातांत,
ब्रशने झटकली तरी बोटांच्या रेषांत उरणारी.
बावीस वर्षं चालवते हे दुकान, स्टेशनाच्या रस्त्यावर,
खाली जुझेचं चिकन, वर मी.

पोरं विचारतात, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?
मी विचारते, पॉवर सप्लाय किती वॅटचा?
गप्प होतात.
मिंगेलचा धाकटा एक कार्ड घेऊन आला,
बापाने जहाजावरून आणलेलं, चिऱ्याएवढं जड,
तीन पंखे, आत फेस्तासारखी रोषणाई.
बसवलं. बटण दाबलं.
एकदा घरघरलं नि मेलं.
म्हटलं, लुनाला टिप्परचं इंजिन लावलंस, बाबा.
सप्लाय घे आधी, नावगाव असलेला,
हातात धरून बघ:
हलका लागला तर समज, डब्यात हवा विकलीय.
ऐकलं नाही. स्वस्तातला घेतला.
पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा
सप्लायच्या जाळीआड एक पाल, जळून कोळसा.
तिचा काय दोष, ऊब कुणाला नको.

अपडेटबद्दल विचाराल तर
माझं मत दर पावसाळ्यात बदलतं.
पडद्यावर ते बटण येतं ना, नंतर आठवण करा म्हणणारं,
ते खरं तर आम्हा गोंयकारांचंच.
आमच्याकडे त्याला मागीर म्हणतात.
गटार मागीर, दाढ मागीर,
आजोबांच्या जमिनीचे कागद तर कायमचेच मागीर.
रेमेतीन टीचरने सात महिने मागीर केलं,
आणि निकालपत्रकांच्या आदल्या रात्री
मशीनने विचारणंच सोडून दिलं.
निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, एकोणतीस टक्के.
फोनवर म्हणते, किती वेळ लागेल गो?
म्हटलं, हात लावू नकोस. वीज राहिली तर पहाटेपर्यंत.
वीज राहिली नाही.
तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगते:
करा, पण रविवारी, मिसाहून आल्यावर,
कॉपी काढून,
आणि एकदा खिडकीतून आकाश बघून.

एका मशीनला मात्र मी काही सांगत नाही.
पुर्सो गांवकरांचं. पिवळं पडलेलं, कीबोर्डचा पाच अडकतो.
आत एकच फोल्डर: ट्रकच्या फेऱ्या,
रिवणहून धक्क्यापर्यंत, दिवसाला नऊ, कधी दहा,
डिझेल, क्लीनरची उचल, पोलिसांचा चहा.
मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल कधीचा मेलाय.
चालू केलं की तारीख येते
एक जानेवारी दोन हजार सात.
चाळीस रुपये, पाच मिनिटं, म्हटलं मी
आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.
त्यांनी मनगट धरलं माझं. घट्ट नाही.
म्हणाले, राहू दे गो. त्या साली चार ट्रक होते.

आता तारीख चुकली की इंटरनेट दार उघडत नाही,
घड्याळ मागे आहे म्हणतं, विश्वास नाही म्हणतं,
बँक नाही, वीजखातं नाही.
तेव्हा दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला
पुर्सोबाब जिना चढून येतात,
खिशात चार घड्या घातलेलं विजेचं बिल.
मी माझ्या मशीनवरून भरते.
पंख्याखाली बसतात, जुझेची कोंबडी आरडते,
प्रिंटर पावती काढताना एकदा अडकतो, मी थोपटते.
भरण्याचे काही घेत नाही.
प्रिंटचे पाच रुपये. ते मात्र घेते.